बर्फाचा माणूस वितळेना

कुंदाला विचाराल तर ती सांगेल, मी बर्फाचा माणूस आहे. खरं सांगायचं तर मी एक तुंबा, भोपळ्याचा. बपेरा गावात मंगरूबुवांच्या गोठ्यावर चढलेल्या वेलाला लागलो. वर लहान गोळा, खाली मोठा गोळा, मध्ये मान. मला वाळवून, आतला गर काढून मंगरूबुवा पाणी भरायचे आणि धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, न्यायचे. गार पाण्याचा घोट घेतला की मला हलकेच थोपटायचे. ते थोपटणं मला फार आवडायचं.

एके दिवशी मी बांधावरून घरंगळलो आणि तळाला तडा गेला. पाणी राहीना, तशी माझी जागा खाटेखाली झाली. तिथं मला कोळ्यांशिवाय सोबत नव्हती.

मला बाहेर काढलं ते बुवांच्या सुनेनं, सत्यभामेनं. साल शहात्तर असावं. तिचा नवरा जागेश्वर फौजेत गाडी चालवायचा, दूर लडाखकडे. लेक कुंदा चार वर्षांची. गावात तेव्हा बालवाडी नव्हती. सातवी शिकलेली सत्यभामा दुपारची कामं आटोपली की लेकीला घेऊन ओसरीत बसायची. कुंदाचं एकच विचारणं असायचं, "माय, बाबा राहते तिथला बर्फ कसा असते?"

मग भर चैत्रात, बाहेर ऊन रणरणत असताना, आमच्या ओसरीत बर्फ पडू लागला. सत्यभामा ताटात तांदळाचं पीठ पसरायची आणि म्हणायची, "हा पाह्य बर्फ. याच्यात बोटानं ब काढ." कधी मुरमुरे उधळायची आणि एकेक वेचून मोजायला लावायची. जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या घड्या घालून कात्रीनं कातरायची. घडी उलगडली की बर्फाचं जाळीदार फूल निघे आणि कुंदा ते भाताच्या खळीनं दाराला चिकटवी.

त्याच सुमारास सावरीची बोंडं फुटली. सत्यभामेनं मला खळ फासली आणि दोघींनी मिळून अंगभर कापूस लावला. गुंजांचे डोळे, लाल मिरचीचं नाक, गळ्यात लुगड्याची किनार. मंगरूबुवा बघून हसले. "माह्या तुंब्याचा तर नवरदेवच करून टाकला तुम्ही."

मी खुशीत होतो. पण दुसऱ्याच दिवशी कुंदानं मला अंगणात उन्हात नेऊन ठेवलं. सत्यभामेनं आत आणलं. कुंदानं पुन्हा नेलं.

"काहून ठेवते वं त्याले उनात? मिरची वाळून जाईल."

"तो वितळला पाहिजे."

"कायले?"

"बाबा म्हणत होते ना. बर्फ वितळला का रस्ता खुलते, मंग मी येतो."

जाताना जागेश्वर खरंच तसं बोलला होता. कुंदा माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "हा तर वितळूनच नाही राहिला."

कसा वितळणार? उन्हानं खळ वाळून मी उलट जास्तच घट्ट झालो होतो. एक थेंब गाळता आला असता तर मी माझं नाकही देऊन टाकलं असतं.

"तो कापूस आहे वं बाई," सत्यभामा शेवटी म्हणाली.

"तूच तर बर्फ म्हणत होती. मंग खरा आण." आणि त्या सांजेला पोर जेवली नाही.

गावातला परसराम तळ्यातली मासोळी तुमसरच्या बाजारात न्यायचा. सत्यभामेनं सांगितलं तसा येताना त्यानं बर्फाचा एक तुकडा ओल्या पोत्यात गुंडाळून आणला. शेजारच्या मनकर्णाबाईंनी तो बघितला मात्र, लगेच उचलून आपल्या घरच्या धानाच्या कोंड्यात खोल पुरून ठेवला. कोंड्यात बर्फ टिकतो, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. "पोरीले दोन दिवस तरी खेळता येईल," त्या म्हणाल्या.

सकाळी कुंदा मला काखेत घेऊन तिथं गेली. मनकर्णाबाईंनी कोंडा बाजूला सारला. "पाह्य, कसा जशाच्या तसा आहे."

कुंदाला रडूच फुटलं.

"आता काहून रडते वं? बर्फ नसला तरी रडते, असला तरी रडते."

सत्यभामेनं त्यांना हळूच सगळं सांगितलं. मग मनकर्णाबाईंनी स्वतः बर्फ धुतला, परातीत घालून अंगणाच्या मधोमध उन्हात ठेवला, आणि मला त्याच्या शेजारी बसवलं. "घे माय, वितळव किती वितळवायचा तो."

सगळ्या तिथंच बसल्या. कुंदा बोट लावी, चटकन मागे घेई, पुन्हा लावी. परातीत शेवटी नुसतं पाणी उरलं. ती उठली आणि रस्त्याकडे बघू लागली. रस्त्यावर कोणी नव्हतं.

सत्यभामेनं तिला जवळ ओढलं. "हा आपला लहानसा तुकडा होता. तिकडं डोंगरच्या डोंगर आहेत. त्याले टाइम लागते."

कुंदानं विचार केला. "मंग तो बी वितळून राहिला असंल."

"राहिला असंल."

त्या रात्री ती पोटभर जेवली.

जागेश्वर आला तेव्हा पाऊस लागून बांधीत भाताच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले होते. कुंदा त्याला ओळखेना, दाराआड लपली. मग मला पुढे धरून तिनं विचारलं, "वितळला?"

त्याला काही कळेना. सत्यभामेनं कुंदाच्या मागून 'हो म्हणा' अशी मान हलवली, तसा तो म्हणाला, "हो, वितळला."

तेव्हा ती दाराआडून बाहेर आली.

याला आता दहा-अकरा वर्षं झाली. कुंदा हायस्कूलला जाते. सत्यभामा गावच्या अंगणवाडीत शिकवते आणि मी तिथल्या फळीवर असतो. माझा कापूस पिवळा पडला आहे, एक गुंज हरवली आहे, नाक मात्र दरवर्षी नवं मिळतं. चैत्र आला की ताटात पीठ पसरतं आणि मी खाली उतरतो.

माझं एवढंच मागणं आहे. एखाद्या लेकरानं मला उचलून उन्हात ठेवलं, तर त्याला हसू नका. हा कापूस आहे, हेही लगेच सांगू नका. त्याच्याजवळ बसा आणि आधी विचारा, बाळा, तू कोणाची वाट बघतो आहेस?