कप्तानानं दोर कापला

आमच्यात मारामारी ही काही नवी गोष्ट नव्हती. टीव्हीवर 'ध्रुवनौका'ची तिसरी मालिका आली तेव्हा आमच्यातल्या ड्रायव्हरनं स्वतःच्या साडूचं बोट मोडलं होतं, कारण साडू म्हणाला, परग्रहावरची राणी मेली ते बरंच झालं. पाचवीच्या वेळी नर्सबाईंनी माझ्या दंडाला असा चावा घेतला की चार दिवस मी बाही खाली ओढून फिरत होतो. आठवडाभर इस्पितळात लोकांच्या जखमा बांधायच्या आणि रविवारी आमच्याकडे येऊन नव्या करायच्या, असा त्यांचा शिरस्ता.

आम्ही जमायचो माझ्या कारखान्यात. कारखाना म्हणजे सोफे-खुर्च्यांचं कुशनकाम. पुढं कापड कापायचं लांब टेबल, मागं वहिनींचं शिलाई मशीन, भिंतीला लावलेले फोमचे ठोकळे आणि मधे गिऱ्हाइकांचे अर्धवट सोललेले सोफे. बसायला कधी कमी पडलं नाही. कुणाच्या तरी दिवाणखान्याची शान असलेल्या सोफ्यावर आम्ही स्प्रिंगा टोचून घेत बसायचो आणि समोरच्या पडद्यावर ग्रहांची राखरांगोळी बघायचो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून कारखाना आम्ही दोघं चालवतो. मी ठोकतो, त्या शिवतात.

'ध्रुवनौका'चं वेड मुळात भावाचं. एकतीस वर्षांपूर्वी पहिली मालिका लागली तेव्हा त्यानं मला मानगूट धरून पडद्यासमोर बसवलं होतं. तिच्यातला कप्तान म्हणजे त्याचा देव. हा कप्तान कुणालाही मागे टाकून जात नसे. यान फुटो, हवा संपो, शत्रू उरावर येवो, शेवटचा माणूस आत आल्याशिवाय तो इंजिन सुरू करायचा नाही. भाऊ गेल्यावर मी त्या कप्तानाला अगदी छातीशी धरलं. का, ते सांगतो.

फोमच्या गोदामाला आग लागली तेव्हा आत आम्ही दोघंच होतो. चिकटवायच्या सोल्यूशनच्या डब्यावर ठिणगी पडली आणि दोन श्वासांत सगळं काळं झालं. मी बाहेर पडलो, भाऊ पडला नाही. त्याला आणायला मी दोनदा आत गेलो होतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. मी एकदाही गेलो नव्हतो. माझ्या अंगावर साधा चटकाही नव्हता, म्हणून मी तापलेल्या शटरवर स्वतःचा डावा हात टेकवला आणि कातडी चिकटेपर्यंत काढला नाही. पुढं महिनाभर तो हात वहिनींनी मलमपट्टी करून बरा केला. पांढऱ्या कपाळानं, खाली मान घालून, रोज दोन वेळा. ही एक गोष्ट त्यांना कळू नये एवढ्यासाठी मी एकोणीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जगलो. धास्ती होती ती फक्त भिंगवाल्याची. तो माझा शाळेपासूनचा दोस्त, चष्म्याची भिंगं घासतो. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी धावत आला होता तो. शटरपाशी त्यानं मला पाहिलं की नाही, हे त्याला विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

आणि मग आठवी मालिका आली. तिच्यात दाखवलं की आमच्या कप्तानानं दोर कापला होता. पहिल्या मालिकेच्याही आधी, तरुणपणी. त्याचा मेकॅनिक दुरुस्तीसाठी यानाबाहेर दोराला लटकलेला, समोरून उल्कांचा मारा आणि कप्तानाची गाळण उडालेली. त्यानं दोर कापला, यान पळवलं आणि परत जाऊन सांगितलं की दोर तुटला. मेकॅनिकचे तुकडे होताना त्या लोकांनी सावकाश दाखवले. आधी हात गेला, मग शिरस्त्राणाची काच फुटली, मग तोंड. ड्रायव्हरनं सणसणीत शिवी हासडली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे लिहिणारा समोर असता तर मी त्याला टेबलाला खिळ्यांनी ठोकला असता, आणि हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही.

अशा वेळी डोकी फुटू नयेत म्हणून भिंगवाल्यानंच एक पद्धत घालून दिली होती. नवी मालिका आली की तिच्यावर खटला चालवायचा. डब्यात एक पितळी खिळा आणि एक काळा खिळा टाकायचा, दोघांनी न बघता एकेक काढायचा. पितळी आला त्यानं मालिकेच्या बाजूनं बोलायचं, काळा आला त्यानं विरोधात. मनात काय आहे ते गुंडाळून ठेवायचं, पण आपल्या बाजूसाठी जीव तोडून भांडायचं. समोरचा ओरडला तरी माघार घ्यायची नाही. "वाद खिळ्याचा, माणसाचा नाही," असं तो म्हणायचा. आणि खरंच, सहावी आणि सातवी मालिका कुणाचं हाड न मोडता पार पडली होती.

या वेळी काळा खिळा मला आला, पितळी भिंगवाल्याला. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं, कारण आठवी मालिका त्यालाही डोळ्यांसमोर नको होती. तयारीला आठवडा मिळाला.

रविवारी दुपारी खटला उभा राहिला. नर्सबाई न्यायाधीश म्हणून एका उघड्या आरामखुर्चीत, ड्रायव्हर फोमच्या गठ्ठ्यावर, वहिनी मशीनपाशी उशीच्या खोळी शिवत. मी आधी बोललो. हातातली खिळे ठोकायची हातोडी टेबलावर आपटत आपटत बोललो. "एकतीस वर्षं ज्या माणसाकडं बघून आपण वाढलो, त्याला यांनी भेकड ठरवलं. जो पळाला तो कप्तान नव्हे. अशा माणसाला यानाच्या दारातून बाहेर फेकायला पाहिजे, बिनहवेचा!" ड्रायव्हरनं शिट्टी मारली. वहिनी मान खाली घालून शिवत होत्या.

मग भिंगवाला उठला. आवाज त्याचा इतका मऊ की झोपलेलं मांजर उठायचं नाही. तो म्हणाला, "समजा, दोन भाऊ नावेतून चाललेत. नाव उलटते. एक भाऊ पोहत काठाला लागतो, दुसरा बुडतो. जो वाचतो तो घरी येऊन सांगतो, मी खूप बुड्या मारल्या, शोधलं, सापडला नाही. त्यानं एकही बुडी मारलेली नसते."

 नाव कसली आणि नदी कसली! मला सरळ माझं गोदाम दिसलं.

"गप्प बस," मी म्हणालो.

त्याला वाटलं, ही वादातलीच आरडाओरड. माघार घ्यायची नाही हा त्याचाच नियम. तो हसला. "न्यायाधीश महाराज, फिर्यादीला बहुतेक लागलंय कुठंतरी." ड्रायव्हर खो खो हसला. "तर हा वाचलेला भाऊ पुढं काय करतो? मेलेल्याच्या बायकापोरांना आपलं मानतो. रात्रंदिवस त्यांच्यासाठी राबतो. आता हा माणूस राक्षस आहे का? मी म्हणतो, नाही. मी म्हणतो, तो घाबरला. पुढं जे काही चांगलं केलं ते त्या भीतीपोटीच केलं. आपला कप्तानही तसाच—"

हातोडी त्याच्या जबड्यावर बसली. आवाज ओली फळी चिरफळावी तसा आला. दोन दात टेबलावर पडले, त्यातला एक घरंगळत कात्रीपाशी गेला. त्यानं टेबल धरायला हात टाकला, तर मी त्या बोटांवर हाणली. चष्मा फुटून काच भुवईत शिरली. तो सोफ्याच्या सांगाड्यावर कोसळला, मी त्याच्या छातीवर बसलो आणि खांद्याचं हाड मोडेपर्यंत हाणत राहिलो.

"धूर होता!" मी ओरडत होतो. "दिसत नव्हतं काही! धुरात हातसुद्धा दिसत नव्हता! तू असतास तर तूही पळाला असतास! तूही सोडलं असतंस त्याला आगीत!"

ड्रायव्हरनं मागून कव घातली. मी कोपरानं त्याचं नाक फोडलं, त्याचं रक्त माझ्या मानेवरून शर्टात उतरलं. मग नर्सबाईंनी सोफ्याचे पट्टे ताणायची लाकडी फळी उचलून माझ्या कानावर हाणली आणि मी आडवा झालो.

पुढचं मी जमिनीवरून पाहिलं. नर्सबाई भिंगवाल्याचा जबडा दोन्ही हातांनी धरून होत्या आणि रक्त घशात उतरू नये म्हणून त्याला कुशीवर वळवत होत्या. वहिनींनी खोळींचं कापड टराटर फाडून दिलं. त्याची उजव्या हाताची बोटं भलत्याच दिशांना वळली होती. त्याच बोटांवर त्याचं पोट होतं. त्याचा एक डोळा उघडा होता आणि तो माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. आपण असं काय बोललो, हे त्याला अजून कळलं नव्हतं. मला त्याच क्षणी कळायला हवं होतं, पण माझं डोकं ठिकाणावर कुठं होतं!

ड्रायव्हरनं नाकाला चिंधी लावून गाडी आणली. भिंगवाल्याला उचलताना नर्सबाई माझ्याकडं वळल्या. "पोलिसांना फोन मी केलाय," त्या म्हणाल्या. "आणि हा दगावला तर तुला मी सोडणार नाही."

गाडी गेली. कारखान्यात वहिनी आणि मी उरलो. त्या मशीनच्या स्टुलावर बसल्या, मी भिंतीला टेकून. त्यांच्या कोपरापर्यंत रक्त होतं.  कान सुन्न होऊन वाजत होता, तरी त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"तो नावेबद्दल बोलत होता, भावजी," शेवटी त्या म्हणाल्या.

मी बाहीनं कानावरचं रक्त पुसलं.

"नाव. नदी. पाणी. धुराचं नाव कुणी काढलं नव्हतं."

"त्याला माहीत होतं," मी म्हणालो. "त्यानं मला त्या दिवशी पाहिलं होतं. मुद्दाम बोलला तो, तुमच्यासमोर."

"त्याला काही माहीत नव्हतं. ती गोष्ट मी दिली त्याला." त्यांनी हात पदराला पुसायला घेतले आणि तसेच थांबवले. "शुक्रवारी आला होता. म्हणाला, पितळी खिळा आलाय, कप्तानाच्या बाजूनं काय बोलू तेच सुचत नाही. मग मी सांगितलं. माझ्या बाबांची गोष्ट आहे ती. काका बुडाले, बाबा पोहत आले. मरायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं की एकही बुडी मारली नव्हती. मी भिंगवाल्याला म्हटलं, बाबांचं नाव घेऊ नकोस, पण एवढं जरूर सांग की असा माणूस वाईट नसतो."

 मी नुसता हसलो असतो, दोन शिव्या दिल्या असत्या, तरी सगळं निभावलं असतं. कुणाला काहीच माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं जे दाबून ठेवलं ते मीच माझ्या तोंडानं, दोस्ताच्या छातीवर बसून, ओरडून सांगितलं होतं. आणि ज्या बाईपासून लपवत होतो तिच्याकडं माफी आधीच तयार होती, हे मला आता कळत होतं. मी ढसाढसा रडायला लागलो. त्या रडल्या नाहीत.

"तुम्ही दोनदा आत गेला होतात ना?"

"नाही."

"एकदा?"

"नाही, वहिनी."

"हात?"

"शटरला लावला. नंतर."

त्यांनी माझ्या डाव्या हाताकडं पाहिलं. महिनाभर ज्याच्यावर फुंकर घालून मलम लावलं तो हात. मग खूप हळू आवाजात विचारलं, "ह्यांनी हाक मारली होती का?"

अजूनही खोटं बोलता आलं असतं. आगीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. गोदामाचं शटर खाली होतं; बाजूचं दार आपोआप बंद होणारं, एकदा लागलं की आतून न उघडणारं, म्हणून टेकू लावून ठेवलेलं. मी बाहेर पडताना टेकू निसटला तेव्हा तो माझ्यामागं पाच पावलांवर होता.

"हो," मी म्हणालो. "'दार धर' म्हणाला."

वहिनी उठल्या. हातोडी त्यांच्या पायाशीच पडली होती. त्यांनी ती उचलून माझ्या डोक्यात घालावी असं मला मनापासून वाटलं, मी मान पुढंसुद्धा केली. त्यांनी ती पायानं बाजूला सारली. नळाखाली हात धुतले, कोपरापर्यंत, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पिशवीत चष्म्याचे तुकडे, पाण्याची बाटली आणि स्वतःची शाल घातली. त्या इस्पितळात निघाल्या होत्या, भिंगवाल्याकडं.

दाराशी त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत.

"पोलीस येतील आता," त्या म्हणाल्या. "या वेळी तरी पळू नका."