चांगुणाबाईचा न वाजलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. बिघडलेला मात्र नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेले काही महिने जो येतो तो मला हातात घेतो, उलटासुलटा करतो आणि ‘गेला वाटतं हा’ म्हणून खाली ठेवतो. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, पाठीवरचा रंग उडाला आहे, आणि चार्जिंगची वायर जरा तिरकी धरल्याशिवाय मला घास गिळता येत नाही. हे सगळं खरं. पण माझे कान शाबूत आहेत, आवाज शाबूत आहे. आठवण तर इतकी शाबूत आहे की ती नसती तर बरं झालं असतं, असं हल्ली वाटतं.

मला एका लांबलचक टेबलावर टोप्या घातलेल्या मुलींनी जोडलं. त्यांचे चेहरे मला ठाऊक नाहीत, कारण मला सुरू केलं ते शेवटच्या टेबलावर, आणि लगेच खोक्यात घातलं. डोळे नीट उघडले ते नाशिकमध्ये, एका दुकानात. समोर संजना होती. इंदिरानगरच्या एका औषधांच्या दुकानात ती नुकतीच नोकरीला लागली होती. खोलीवर नेऊन तिने मला देवापुढे ठेवलं आणि हळदकुंकू लावलं. स्पीकरच्या जाळीत अडकलेला कुंकवाचा कण मी कितीतरी दिवस जपला होता. त्या वर्षांत माझं कौतुक काय वर्णावं! ‘फोटो काय मस्त येतात गं तुझ्या फोनचे,’ असं तिच्या मैत्रिणी म्हणायच्या आणि मी उगाच गरम व्हायचो.

पुढे तिने नवा फोन घेतला. मी ड्रॉवरमध्ये रबरबँड आणि रिकाम्या गोळ्यांच्या पाकिटांबरोबर पडून राहिलो. रुसलो होतो, खोटं कशाला बोलू? मग एका दिवाळीला तिने मला पुसलं, नवं कार्ड घातलं आणि येवल्याच्या अलीकडे तिचं गाव आहे, तिथे आईच्या हातात ठेवलं.

तिची आई चांगुणाबाई कांदा लावणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम होती. कुणाच्या वावरात लागवड आहे, किती बाया लागतील, पिकअप कधी येईल, हे सगळं ती ठरवायची. वाचणं तिला जड जायचं, म्हणून संजनाने प्रत्येक नंबराला फोटो लावून दिला होता. लाल ट्रॅक्टर म्हणजे एक शेतकरी, विहिरीवरचं वडाचं झाड म्हणजे दुसरा. लागवडीच्या दिवसांत पहाटेपासून माझ्यावर ट्रॅक्टर आणि झाडं नाचत असायची. इंदिरानगरात मी फोटो काढत होतो, इथे मी कामाला लागलो. मला खरी किंमत इथेच आली.

बायका आपापले फोन घरीच ठेवून यायच्या, कारण दिवसभर हात चिखलात. चांगुणाबाई मात्र मला दुधाच्या पिशवीत गुंडाळून कमरेला बांधायची. सगळ्या टोळीचा मी एकच फोन होतो. कुणाचं पोर पडलं, कुणाकडे पाहुणे आले, निरोप माझ्याकडेच यायचा. टोळीत सगळ्यांत लहान होती सविता. तिचा नवरा धनराज येवल्यात पैठणीच्या मागावर बसतो. त्यांची मुलगी अंजली आजीजवळ असायची. जेवणाच्या सुट्टीत भाकरी सोडायच्या आधी सविता हात पुढे करायची.

“मावशी, द्या ना जरा. अंजूचं तोंड बघते.”

“आधी हात पूस भवाने. चिखल करते त्याला,” असं म्हणत चांगुणाबाई मला तिच्या हातात द्यायचीच. अंजली पडद्याला नाक लावायची, सविता हसायची. तिच्या बोटांचा चिखल माझ्या काचेवर वाळून जायचा आणि मला त्याचा राग यायचा नाही.

गौरींच्या सणाला संजना घरी आली, तेव्हा चांगुणाबाई घाबरलेली होती.

“संजे, आपली लाईट कापणारेत गं. आज येक मेसेज आलाय. शेजारच्यांनी वाचून दावला.”

संजनाने वाचलं. ‘आज रात्री आपली वीज खंडित केली जाईल. खालील क्रमांकावर त्वरित संपर्क साधा.’ ती हसली. “आई, हे चोर आहेत. त्या नंबरला फोन केलास ना, तर बँकेचं खातं पुसून नेतील.” गावातल्या एका गुरुजींना तसं फसवलं होतंच. नंबर अडवावा तर चोर उद्या दुसऱ्या नंबरावरून येत होते. संजनाने थोडा विचार केला, माझ्या सेटिंगमध्ये खोलवर जाऊन काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, “झालं. आता नाही येणार.”

तिने काय लिहिलं ते पुढे सांगतो. आत्ता सांगायला जीभ रेटत नाही.

दसरा होऊन गेला होता. परतीचा पाऊस अधूनमधून हजेरी लावत होता. त्या दुपारी डोक्यावर लख्ख ऊन होतं. लांब डोंगराच्या मागे काळं दिसत होतं, पण तसं ते रोजच दिसायचं. बायका वाकून रोपं लावत होत्या. सविता रोपांच्या जुड्या आणायला बांधावर गेली होती. पाऊस नव्हता, वारा नव्हता. आभाळातून बांधावर एकच लोळ आला. दुधाच्या पिशवीतूनही मला तो उजेड दिसला. मग बायकांचा ओरडा ऐकू आला.

चांगुणाबाई पळाली. तिने मला बाहेर काढलं, पण तिची बोटं ओल्या चिखलाने भरलेली होती आणि माझ्या काचेला ती कळेनात. तिने मला लुगड्याला पुसलं, पुन्हा पुसलं. शेवटी पैठणीच्या मागाच्या फोटोवर तिचं बोट लागलं. तो धनराजचा नंबर होता. सविताला येवल्याच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि नुसती मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सगळे बसलेले असताना धनराज बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

“मावशी, त्या दिशी माझ्या फोनवर सरकारचा मेसेज आला व्हता. मोकळ्या रानात थांबू नका म्हनून. मी वाचला अन् म्हटलं, मावशीकडं फोन हाय, ती आणील समद्यांना घरात. म्हनून मी निवांत मागावर बसलो.”

“माझा फोन वाजलाच नाय रे धनराज.”

“साऱ्या गावाचे वाजले. बायांनी घरात ठेवलेले बी वाजले. तुझाच कसा नाय वाजला?”

‘खरंच नाय वाजला,’ एवढंच ती म्हणत राहिली. लोक पांगले आणि कुजबुज सुरू झाली. दोन वाफे राहिले असतील, काम संपवायचं असेल, मेसेज बघून न बघितल्यासारखं केलं असेल. टोळी फुटली. ट्रॅक्टर आणि वडाचं झाड माझ्यावर दिसेनासे झाले. चांगुणाबाई ओट्यावर बसून राहायची. समोरून कुणी गेलं की ती उठून सांगायला जायची, ‘माझा फोन वाजला नाय हो,’ आणि माणूस ‘बरं बरं’ म्हणून पुढे निघायचा. मित्रांनो, आपलं खरं कुणीच मानत नाही, याहून मोठं दुःख मी तरी पाहिलेलं नाही. तिला सविता गेल्याचं रडायलाही लोकांनी मोकळं ठेवलं नाही.

संजना रजा टाकून आली. “आई, नाही वाजला म्हणतेस ना? मग का नाही वाजला ते मी शोधते. साऱ्या गावाला दाखवते.”

तिने मला बंद करून चालू केलं. कार्ड काढून ओढणीला पुसलं आणि परत घातलं. गच्चीवर नेऊन रेंज पाहिली, ती भरपूर होती. आवाज बंद होता का? नव्हता. बॅटरी वाचवायची सोय चालू होती का? नव्हती. जागा कमी पडली असेल म्हणून शुभ सकाळचे ढीगभर फोटो पुसले, तेवढं मला हलकं वाटलं. आपत्तीच्या इशाऱ्यांची बटणं एकेक तपासली, सगळी चालू होती. येवल्यातल्या दुकानदाराने मला दोनदा टिचकी मारली आणि म्हणाला, “म्हातारा झालाय ताई, नवा घ्या.” संजनाला नवा फोन नको होता. तिला कारण हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर आईशेजारी बसली आणि स्वतःच्या फोनवरून मला मेसेज पाठवू लागली. ‘आई’ असं पाठवलं, मी वाजलो. ‘पाऊस’ पाठवलं, वाजलो. ‘वादळ’ पाठवलं, वाजलो. मग त्या दिवशीचा इशारा तिच्या फोनवरही आलेला होता, तो तिने जसाच्या तसा पाठवला. मी वाजलो नाही. तिने परत पाठवला. मी गप्प.

“आई, सापडलं बघ! हा मेसेजच घेत नाहीये हा!” ती आनंदाने ओरडली. चांगुणाबाईचा चेहरा किती दिवसांनी उजळला. “म्हंजी मी खोटी नाय ना?”

“नाहीस आई, अजिबात नाहीस.” आता तिने त्या इशाऱ्यातला एकेक शब्द वेगळा करून पाठवायला घेतला. ‘मेघगर्जनेसह’ आला. ‘मोकळ्या जागेत’ आला. मग तिने दोनच अक्षरं लिहिली. ‘वीज’.

मी वाजलो नाही. संजनाचं बोट हवेतच राहिलं.

गौरींच्या सणाला तिने माझ्यात हाच शब्द लिहिला होता. हा शब्द ज्या मेसेजमध्ये असेल, तो मी गुपचूप बाजूला टाकायचा, असा तो हुकूम होता. चोरांचे मेसेज मी टाकले आणि वीज पडण्याचा इशाराही टाकला. तिने अडवलेल्या मेसेजचा कप्पा उघडला. चोरांच्या धमक्यांच्या वर तो इशारा पडलेला होता, सविता बांधावर जाण्याच्या बराच आधी आलेला.

“काय गं? काय झालं?” चांगुणाबाईने विचारलं.

संजनाने सांगितलं. काही लपवलं नाही. चांगुणाबाईने माझ्या पडद्यावर बोट ठेवलं.

“ईज लिव्हलं व्हतंस तू?”

“मला वाटलं आई, लाईटचे मेसेज थांबतील.”

“लाईटला कोन ईज म्हनतं गं?”

खरंच, त्या घरात भिंतीतून येते ती लाईट. वीज फक्त आभाळातून पडते. नाशिकला राहून, बिलं वाचून, संजना एवढंच विसरली होती. ती ओढणी तोंडात कोंबून रडली आणि मग उठली. “मी धनराजदादाला सांगते. आत्ताच.”

चांगुणाबाईने तिचं मनगट धरलं. “खाली बस.”

“आई, लोक तुला काय काय बोलतायत!”

“मला बोलतायत ना? मला आता सवय झाली. तू सांगशील, मंग त्या लेकरानं मोठं झाल्यावर तुझ्याकडं कसं बघायचं? अन् तू कसं जगायचं? माझी शप्पथ हाय तुला. तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड पाहशील.”

तिने मला मुठीत घेतलं आणि ती धनराजच्या दारात गेली. संजना मागे गल्लीत उभी होती. धनराज अंजलीला भरवत होता.

“धनराज,” चांगुणाबाई म्हणाली, “मेसेज आला व्हता. फोन वाजला व्हता. दोन वाफे ऱ्हायले व्हते म्हनून मी पाहिला नाय. इतके दिस भ्याले सांगायला.”

धनराजचा घास धरलेला हात थांबला. “मला ठावं व्हतं मावशी,” तो म्हणाला. त्याने पोरीला उचललं आणि आत जाऊन दार लावलं. चांगुणाबाईने मला इतकं घट्ट आवळलं होतं की माझा पडदा आपोआप पेटला. मी वाजू शकलो असतो तर त्या क्षणी गाव जागं केलं असतं. पण मला कुणीतरी फोन केल्याशिवाय वाजता येत नाही, ही माझी जात.

संजनाने तो शब्द त्याच दिवशी काढून टाकला. आता इशारे येतात, मी वाजतोही. संजना रोज संध्याकाळी फोन करते. ‘जेवलीस का’ असं एकमेकींना विचारून दोघी बराच वेळ गप्प राहतात. मला त्या गप्प बसण्याचा भार होतो.

मित्रांनो, आपल्या माणसाचा फोन प्रेमाने हातात घेऊन त्याच्या भल्यासाठी काही बंद कराल, तर त्याला आधी विचारा, की बाई, तू हा शब्द कशाला म्हणतेस. आणि कुणी ‘माझा फोन वाजला नाही’ असं म्हणालं, तर आधी फोन तपासा, माणसाला मग. मी वस्तू आहे. मला उलटंपालटं करून पाहिलंत तर मला काही वाटत नाही.

शपथ संजनाला घातलेली आहे. ती बोलणार नाही, आणि तिची आई तर नाहीच नाही. मला मात्र कुणी शपथ घातलेली नाही. म्हणून मी सांगतो. चांगुणाबाई खरं बोलत होती. मी वाजलो नव्हतो.