न्झुझीच्या आधीचं नाव

"कोणाचं नाव घेतलं यानं?" प्रेसिडेंटनं माझ्या कानाशी येऊन विचारलं. चेहऱ्यावरचं हसू त्यानं तसंच ठेवलं होतं, कारण समोर दोनशे माणसं नाचत होती.

"तुम्ही ऐकलंत तेच," मी म्हणालो आणि बास वाजवत राहिलो. काहीही झालं तरी बासवाल्यानं थांबायचं नसतं.

प्रेसिडेंट म्हणजे आमच्या बँडचा मालक, गायक लुकोंबो. देशाला प्रेसिडेंट एकच असतो, किन्शासात मात्र जितके बँड तितके प्रेसिडेंट. रविवारची दुपार होती आणि बांदाल वस्तीतल्या एका बारच्या अंगणात आमचा कार्यक्रम चालला होता. रुंबाचा संथ भाग संपून गिटार पळायला लागली होती, आणि इथंच माबियालाचं काम सुरू व्हायचं. माबियाला आमचा पुकाऱ्या. डासांच्या औषधाच्या रिकाम्या डब्यात बिया भरून तो खुळखुळवायचा, नाचणाऱ्यांना चेव आणायचा आणि मधूनमधून बड्या लोकांची नावं पुकारायचा. गाण्यात नाव आलं की माणूस खुर्चीत चार बोटं उंच होतो. फुकट मात्र कोणाचंच नाव येत नाही, आणि ही गोष्ट सगळ्या शहराला ठाऊक आहे. आमची पंचाईत झाली ती यामुळेच.

पहिल्या टेबलावर कमांडंट न्झुझी बसला होता. माबियालानं डबा डोक्यावर धरला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "न्सिंबा! न्सिंबा-न्झुझी, बांदालचा बिबट्या!"

आमच्याकडे जुळी झाली की आईबापांना नावं शोधावी लागत नाहीत. आधी आलेला न्सिंबा, मागून आलेला न्झुझी. हाका मारतानाही तोच क्रम. दर गल्लीत अशी एक तरी जोडी असते, त्यामुळे दुसरं नाव घ्यायला गेलं की पहिलं आपसूक तोंडात येतं. पण कमांडंटच्या जोडीतल्या या न्सिंबानं गेल्या वर्षी भावाच्या काळ्या धंद्यांबद्दल परदेशी रेडिओवर तोंड उघडलं आणि होडीत बसून नदीपलीकडच्या देशात पळ काढला. तेव्हापासून कमांडंटसमोर ते नाव कोणी घेत नव्हतं. न्सिंबाच्या ड्रायव्हरनं एकदा घेतलं. त्या ड्रायव्हरचा अजून पत्ता नाही.

कमांडंट उठला. नुकती उघडलेली बियरची बाटली तशीच ठेवून, माणसांना घेऊन तो शांतपणे निघून गेला. माबियाला डबा हलवतच होता. आपण काय बोललो हे त्याला कळलंच नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला स्टेजमागे सांगितलं. तो एका स्पीकरवर बसला.

"मी न्सिंबा म्हणालो?"

"म्हणालास."

"नाही रे दादा."

"सगळ्यांनी ऐकलं, माबियाला."

"अरे, जीभ आहे ती. लहानपणी आमच्या शेजारीच एक जोडी होती. दिवसभर त्यांना हाका मारायचो."

प्रेसिडेंट घाम पुसत आला. "सव्वीस वर्षं पुकारतोयस, कधी घसरली नाही तुझी जीभ. आज नेमकी त्याच्या तोंडावर घसरली? खरं सांग, कोणी पैसे दिले?"

"कोणी काही दिलं नाही."

"मग तर मेलास. कोणी दिले असते तर सांगायला एक नाव तरी असतं."

सोमवारी सरावाच्या जागी कमांडंटचा काळ्या चष्म्याचा एक माणूस आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. "मंगळवारी दहाला, घरी. पुकाऱ्याला डबा घेऊन यायला सांगितलंय," एवढंच म्हणाला. प्रेसिडेंट लगबगीनं पुढे झाला. "रविवारी त्यानं जे नाव घेतलं ते त्याचं त्यानं घेतलं. बँडचा काही संबंध नाही," तो म्हणाला, आणि हे सगळं माबियालाच्या समोर. माणूस गेल्यावर वर आणखी, "तसंही हल्लीच्या पोरांना नायजेरियाची गाणी लागतात, नाहीतर दक्षिणेकडचा तो कॉम्प्युटरचा ढोल. त्यात पुकाऱ्या लागतच नाही."

आम्ही अकरा जण होतो. कोणी चकार शब्द काढला नाही. मीही सुरात असलेल्या तारा पुन्हा सुरात लावत बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

मंगळवारी मी त्याच्याबरोबर गेलो ते काही शौर्य नव्हतं. तो सकाळी दारात येऊन उभा राहिला आणि मागे त्याची बायको आल्बर्टिन होती. तिच्यासमोर नाही म्हणवेना. एवढ्या उकाड्यात त्यानं दोन शर्ट आणि वर स्वेटर चढवला होता.

"हे काय रे?"

"आत फरशी गार असते म्हणतात. रात्र काढावी लागली तर?"

आल्बर्टिननं माझ्या हातात पानात बांधलेले कसाव्याच्या पिठाचे दोन मुटके दिले. "एक त्यांना. दुसरा पहाऱ्यावर कोण असेल त्याला द्या, म्हणजे पहिला आतपर्यंत पोचेल," ती म्हणाली. मग हळूच, "भावजी, यांना फार बोलू देऊ नका. घाबरले की तोंड थांबत नाही यांचं."

मिनीबसमध्ये ड्रायव्हरनं लागोसचं गाणं लावलं होतं. माबियाला खिडकीला डोकं टेकून ऐकत होता. "बघ, अख्ख्या गाण्यात कोणाचंच नाव नाही," तो म्हणाला. "किती सुखाचं काम असेल यांचं." त्याच्या मांडीवरचा डबा आपोआप खुळखुळत होता, आणि तो काही बसच्या हादऱ्यांनी नव्हे.

कमांडंट अंगणात आंब्याखाली बसला होता. अंगात बनियन, पायात घरच्या चपला. गणवेशात असता तर मला कमी भीती वाटली असती. टेबलावर फोन होता आणि फोनमध्ये कोणीतरी घेतलेला रविवारचा व्हिडिओ. त्यानं तो लावला. "न्सिंबा!" माबियालाच्या आवाजात फोन ओरडला. त्यानं पुन्हा लावला, मग पुन्हा. दरवेळी माबियाला अंगावर हात उगारल्यासारखा मागे सरायचा.

"कुठे उतरलाय तो?" कमांडंटनं विचारलं.

"कोण, साहेब?"

"माझा भाऊ. नदी ओलांडून आलाय ना? कोणाच्या हातून निरोप पोचवला त्यानं तुला?"

"साहेब, जीभ घसरली. आईशप्पथ. मी लहान होतो ना, तेव्हा आमच्या शेजारी..."

मी त्याच्या कोपराला हात लावला. तो गप्प झाला.

"हे बघ, पुकाऱ्या," कमांडंट म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "नावं घेणं हा तुझा धंदा. मला एकच नाव हवंय. ज्यानं तुला सांगितलं त्याचं. नाव घे आणि घरी जा. नाही घेतलंस तर मागे खोली आहे." एवढं बोलून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

माबियाला कोणाचंही नाव घेऊ शकला असता. प्रेसिडेंटचं घेतलं असतं तर त्यात त्याची चूक कोणी काढली असती? माझं घेतलं असतं तरी चाललं असतं. मी तिथं आयताच उभा होतो. त्याच्या स्वेटरच्या गळ्यातून घाम गळत होता. सव्वीस वर्षांत त्यानं ज्यांची नावं पुकारली, त्यातले अर्धेअधिक चोर होते. तोंडातून नाव काढणं त्याला कधीच जड गेलं नव्हतं.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "माझ्याकडे नाव नाही."

कमांडंटनं पहारेकऱ्याला मान हलवून खूण केली. पहारेकऱ्यानं माबियालाचा दंड धरला. त्याच वेळी ओसरीवरून हाक आली.

"न्सिंबा-न्झुझी! अरे, ऊन आलं माझ्या अंगावर. खुर्ची हलव बाबा."

एक वाळकी म्हातारी वेताच्या खुर्चीत बसली होती. जुळ्यांची आई. ती एकट्या कमांडंटलाच हाक मारत होती, पण नावं दोन्ही आली. पहारेकरी जमिनीकडे बघायला लागला.

"आई, किती वेळा सांगितलं तुला," कमांडंट म्हणाला.

"काय रे?"

"माझं एकट्याचं नाव घेत जा."

"मी तेच घेतलं की," म्हातारी म्हणाली.

तो उठला आणि त्यानं स्वतः खुर्ची सावलीत सरकवली. परत आला तेव्हा बराच वेळ माबियालाकडे बघत राहिला. मला वाटलं, पटलं याला. पटलंही असेल, पण पटलं म्हणून असली माणसं माफ करतात असं नाही.

"सोड त्याला," तो पहारेकऱ्याला म्हणाला. मग माबियालाला, "उन्हात उभा राहा. डबा घे. माझं नाव पुकार, एकट्याचं. पुन्हा घसरलास तर मागच्या खोलीत. मी थांब म्हणेपर्यंत चालू दे."

आम्हाला त्या दिवशी सोडलं हे आधीच सांगून टाकतो. माबियालाचा आवाज मात्र पुन्हा आला नाही. आता तो बायकोबरोबर बाजारात बसतो, आणि गिऱ्हाइकांना हाक तीच मारते.

तर तो पुकारायला लागला. "न्झुझी!" डबा. "न्झुझी!" डबा. प्रत्येक हाकेआधी तो डोळे मिटायचा, जीभ आवरायचा. ऊन डोक्यावर आलं. स्वेटर काढायची त्याला हिंमत झाली नाही.

दहाबारा हाकांनंतर माझ्या लक्षात आलं. तो डोळे मिटून थांबायचा, तेवढ्या वेळात ओसरीवरून हलक्या आवाजात यायचं, "न्सिंबा." मग हा, "न्झुझी!" म्हातारी जपमाळ ओढावी तशी बसल्या बसल्या म्हणत होती. तिला कोणी गप्प करायला धजेना. कमांडंटनं एकदा तिकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

माबियालाचा आवाज आधी चिरकला, मग बसला. तरी तो डबा हलवायचा आणि तोंड उघडायचा. ओठ हलायचे, पण त्यातून नुसती हवा येत होती. त्यानं पुन्हा डोळे मिटले. म्हातारी म्हणाली, "न्सिंबा." डबा वाजला. पुढचं नाव आलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "न्सिंबा." मग पुन्हा. त्या सगळ्या अंगणात आता तेवढंच एक नाव ऐकू येत होतं.

तेव्हा कमांडंट थांब म्हणाला.