दिम्काची घरभरणी

शहराचं वय सात वर्षं आणि त्यातल्या माणसांचं फार तर पंचवीस. कामा नदीच्या काठी आधी कारखाना उभा राहिला, मग इमारती, रस्ते सावकाश आले. चिखल मात्र पहिल्या दिवसापासून हजर होता. म्हातारं माणूस दिसलं की लोक कौतुकाने वळून बघत.

क्लावाला असंच एक म्हातारं माणूस इथे आणायचं होतं, तिची आई. आईचं गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं. क्लावा गिलावा करणाऱ्या बायकांच्या टोळीत होती आणि पत्र्याच्या खोलीत राहायची. पलीकडच्या खाटेवर फाइना, जिवाभावाची मैत्रीण. नव्या इमारतीतलं एक घर टोळीला मिळणार होतं, आणि पाळी क्लावाची होती. तिसरा मजला, गॅलरीतून नदी. तिथल्या भिंती तिने जरा जास्तच जीव लावून घोटल्या होत्या. दिम्काला, आपल्या करड्या मांजरीला, कोटात घालून ती कामावर न्यायची.

आईची बांधाबांध करायला ती गावी गेली. परत आली, तर मुकादम येगोरिच खोलीच्या दारातच उभा.

"आलीस? बरं झालं! मांजर घे आणि चल. घरभरणी आहे, सगळे खोळंबलेत."

नव्या घरात पहिलं पाऊल मांजराचं, ही तिथली रीत. क्लावाला वाटलं, घरभरणी आपलीच. बया नुसती हरखून गेली. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती धावतच चढली.

दारात फाइना उभी होती. कपडे नवे, किल्ली हातात. क्लावाला बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

येगोरिच मागून धापा टाकत आला. "मोठ्या मनाची आहेस हो पोरी! आई भावाकडे राहणार म्हणून घर सोडलंस. फाइनाने सांगितलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी हात वर करून ते तिला दिलं."

क्लावाला भाऊ नव्हता.

तेवढ्यात दिम्काने क्लावाच्या हातातून उडी मारली आणि तडक स्वयंपाकघरातल्या, घर ऊबदार ठेवणाऱ्या गरम नळाखाली जाऊन अंग टाकलं. क्लावा इथल्या भिंती घोटायची तेव्हा हिवाळाभर ती तिथेच झोपायची.

"बघा, जणू हिचंच घर!" बायका हसल्या.

"क्लावा, मला दिवस गेलेत गं," फाइना पुटपुटली. "त्या पत्र्यात बाळ कसं..."

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस तर?"

क्लावाच्या मनात आलं, चार वर्षं जिच्याबरोबर एका ताटात जेवलो, तिने आपल्याला इतकंच ओळखलं! क्लावा आत गेली आणि तिने दिम्काला उचललं.

"अगं, आजची रात्र राहू दे!" येगोरिच ओरडला. "मांजर बाहेर नेलं तर घर लाभत नाही."

"ठाऊक आहे मला, येगोरिच. पण माझ्या आईला मांजराचा लळा आहे. ती परवाच्या बोटीने येतेय, माझ्याकडे राहायला."

बायकांचं हसू थांबलं. येगोरिचने फाइनाकडे पाहिलं. फाइनाने मान खाली घातली आणि ती दारातून बाजूला झाली.