कोऱ्या कार्डाची कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझी पाठ दोनदा चिकटवलेली आहे, कोपरे झिजून गोल झाले आहेत, आणि माझ्यात लिहिलेला काळ अजून उजाडायचा आहे. माझ्या गोष्टीत समुद्र एका सकाळी उठतो आणि निघून जातो. एका बेटावरची माणसे त्याला शोधायला कोरड्या तळावरून चालू लागतात. त्यांची तिसरी पिढी त्याच्यापर्यंत पोहोचते.

मला लिहिले ते ओलाउग म्युरवोल या बाईंनी. ग्रोस्वेर बेटावरच्या मासळीच्या कारखान्यात त्या दिवसभर कॉड माशाचे तुकडे पेट्यांत भरत आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून लिहीत. मी त्यांची तिसरी कादंबरी. छापून आले तेव्हा एका वर्तमानपत्राने माझ्यावर चार ओळी खर्च केल्या. मासळी भरणाऱ्या बाईने मासळीबद्दल लिहावे, नसत्या काळाची उठाठेव कशाला, असे त्यात होते. माझे कौतुक एवढेच. दुकानांत मला कुणी विचारले नाही. पण आमच्या नॉर्वेत एक बरी रीत आहे. नवी कादंबरी निघाली की सरकार तिच्या हजारभर प्रती घेते आणि गावोगावच्या वाचनालयांना धाडते, कुणी मागो वा न मागो. तशी मी न मागता पुस्तकांच्या बोटीवर येऊन पडले.

ही बोट म्हणजे तरंगते वाचनालयच. वर्षातून दोनदा ती बेटाबेटाला लागायची. लोक सहा महिन्यांचे वाचन पिशव्यांत भरून न्यायचे. गुडमुन नावाचा उंच, अबोल माणूस तिच्यावर ग्रंथपाल होता. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या खिशात एक कार्ड असे, आणि पुस्तक नेणाऱ्याचे नाव व तारीख गुडमुन त्यावर लिहीत असे.

ग्रोस्वेरच्या धक्क्याला बोट दुपारी लागे. चार वाजता कारखान्याचा भोंगा झाला की ओलाउगबाई येत. हाताला मासळीचा वास, डोक्याला रुमाल. कपाटातून मला काढत, मागचे कार्ड ओढून बघत. कार्ड कोरे असे. मग मला जागेवर ठेवून विणकामाचे नाहीतर बटाट्याच्या लागवडीचे पुस्तक घेऊन जात. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे. मलाही काही वाटत नसे. कपाटात राहून राहून पुस्तक बधिर होते.

आता जे ओलाउगबाईंना माहीत नव्हते ते सांगते. पहिल्याच वर्षी, त्या निघून गेल्यावर आणि बोट सुटायच्या जरा आधी, हालस्टाइन नावाचा कोळी आत आला. त्याने मला उचलले आणि सरळ स्वेटरच्या आत घातले.

"नाव लिहू नकोस बाबा," तो गुडमुनला म्हणाला. "ती कार्ड बघते. मग दुकानात गाठून विचारेल, कसं वाटलं. मी काय सांगू? रडलो म्हणून सांगू?"

गुडमुनने लेखणी खाली ठेवली. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण आमच्या बेटावर शेजाऱ्याचे तोंडावर कौतुक करणे म्हणजे त्याला भर चौकात उघडे पाडणे. मोठेपणा करू नये आणि दुसऱ्यालाही देऊ नये, हे तिथे लहानपणीच शिकवतात. हालस्टाइनच्या दृष्टीने तो ओलाउगबाईंची लाजच राखत होता.

सहा महिन्यांनी बोट दुपारी लागताच तो मला परत करून गेला. चारला ओलाउगबाई आल्या, कार्ड बघून गेल्या. त्यानंतर दुकानवाली ओस्ता आली. तिनेही मला नेले आणि नाव लिहू नकोस म्हणाली. पुढल्या खेपांना दोघी जुळ्या बहिणी, मग चर्चमधला ऑर्गन वाजवणारा, असे करत सहा वर्षांत अकरा जणांनी मला वाचले. प्रत्येकाला वाटे आपण एकटेच. आणि गुडमुनने अकरा जणांना शब्द दिलेला, त्यामुळे त्याच्या तोंडाला कुलूप.

सहाव्या वर्षी ओलाउगबाई मला हातात घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. चौथी कादंबरी अर्धी झाली आहे, म्हणाल्या.

"एक जरी माणूस वाचत असेल ना, तर पुरी करते. नसेल तर उगीच डोळे कशाला फोडायचे? खरं सांग गुडमुन, हे कुणी नेतं का?"

गुडमुनने कार्ड माझ्या खिशात परत सरकवले.

"कार्डावर आहे ते आहे," तो म्हणाला.

"बरं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मला तोंड असते तर त्या दिवशी मी बोलले असते. माझ्यात नव्वद हजार शब्द होते, पण त्या वेळी लागणारा एकही नव्हता. त्या हिवाळ्यात चौथ्या कादंबरीचे कागद रोज सकाळी थोडे थोडे करून शेगडी पेटवायला गेले. वसंतात बोट आली तेव्हा हवापाण्याच्या गप्पा माराव्या तसे त्यांनीच ते गुडमुनला सांगितले. त्याने मला उलटे ठेवले, आणि पुढचे बेट येईपर्यंत ते त्याच्या ध्यानात आले नाही.

पुढे नियम निघाला की कुणी न नेलेली पुस्तके मोडीत काढायची. यादीत माझे नाव पहिल्या पानावर होते. माझ्या पहिल्या कोऱ्या पानावर 'रद्द' असा शिक्का बसला. गुडमुनने मला रद्दीच्या पोत्यात न टाकता घरी नेले, आणि मग तीस-पस्तीस वर्षे मी त्याच्या बोटघरात जाळ्यांच्या वर पडून होते. ओलीने फुगले, उन्हाने आकसले. या वर्षांबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

गुडमुन वारल्यावर त्याचे सामान शाळेच्या बँडसाठी पैसे जमवायला भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले. तिथे योरुन नावाच्या मुलीने मला उचलले. बर्गनला तिचे लहानसे प्रकाशन आहे. ओलाउगबाईंच्या पहिल्या दोन कादंबऱ्या तिला अशाच कुठे कुठे मिळाल्या होत्या, आणि तिसरी ती चार वर्षे धुंडाळत होती. मला बघून ती तिथेच जमिनीवर बसली. मला आनंद झाला का? खरे सांगते, काहीच झाले नाही.

मला वाचताना तिला एक कोडे पडले. कार्ड कोरे, पण पाने तर वाचून वाचून मऊ झालेली. एकशे बाराव्या पानावर माशाचा खवला चिकटलेला, पुढे कॉफीच्या कपाचे वर्तुळ, एका ठिकाणी खुणेला लोकरीचा धागा. मला घेऊन ती ग्रोस्वेरच्या वृद्धाश्रमात गेली.

दुपारच्या कॉफीची वेळ होती. ओलाउगबाई शहाऐंशीच्या झाल्या होत्या. समोर वाफल आणि तपकिरी चीज. योरुनने सांगितले की तिन्ही कादंबऱ्या पुन्हा छापायच्या आहेत, आणि मग विचारले, "ही प्रत इतकी कुणी वाचली, ओलाउगबाई? आत माशाचा खवलासुद्धा चिकटलाय."

"कुणी नाही. कार्ड कोरं आहे बघ."

शेजारच्या टेबलावर हालस्टाइन होता, नव्वदीचा. चार वर्षे दोघे तिथे रोज कॉफी पीत होते.

"खवला माझा असेल," तो म्हणाला. "एकशे बारा पानावर ना? तिथं म्हातारा चालता चालता बसतो आणि पोरांना म्हणतो, तुम्ही पुढं व्हा. तिथं मी दोन दिवस थांबलो होतो."

मग त्याने सगळे सांगितले. गुडमुनने मरायच्या आधी त्याच्यापाशी तोंड उघडले होते. हालस्टाइनने एकेक नाव घेतले. बहुतेक जण आता चर्चच्या मागे पुरलेले होते.

"अकरा?" ओलाउगबाईंनी विचारले.

"अकरा."

"मी एकच मागितला होता." त्यांनी काटा खाली ठेवला. "सांगितलं का नाहीस?"

"तुला अवघडल्यासारखं झालं असतं."

"झालं असतं," त्या म्हणाल्या. "मला एकदा अवघडून बघायचं होतं रे."

योरुनने हळूच विचारले, चौथीत काय होते? ओलाउगबाईंनी पुष्कळ विचार केला. मग म्हणाल्या, आठवत नाही.

आम्ही तिघी पुन्हा छापल्या गेलो. वर्तमानपत्रांनी पान पान भरून लिहिले. योरुनने ते वाचून दाखवले तेव्हा ओलाउगबाई "बरं" म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी आता योरुनच्या काचेच्या कपाटात असते. मला कुणी हात लावत नाही.

मित्रांनो, जुन्या पुस्तकाने शेवटी विनंती करायची असते, की पाने दुमडू नका, ओल्या हातांनी धरू नका. माझी ती विनंती नाही. कॉफी सांडली तरी चालेल. पण एखादे पुस्तक आवडले आणि ते लिहिणारे माणूस तुमच्या गल्लीत राहत असेल, तर त्याच्या दारावर जा आणि सांगा. ते अवघडेल, तुम्हीही अवघडाल. तरी सांगा, आणि तेही आजच, कारण त्याच्या टेबलावर अर्धे काय पडले आहे हे तुम्हाला ठाऊक नसते.