वनजक्काच्या व्हॅनचा लाल दिवा

व्हॅन त्याच दुखण्यानं तिसऱ्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा मला तिचं तोंडही बघावंसं वाटेना. वनजक्काकडे बघायची तर हिंमतच नव्हती.

तीर्थहळ्ळीत तीस वर्षं मी गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. दुखणं कायमचं असेल तर कुणालाही सापडतं. हे मात्र येऊन-जाऊन होतं. बॅटरीचा लाल दिवा घाटात लागायचा, दुकानात कधीच नाही. तो लागला की बॅटरी भरायची थांबे, मग हेडलाइट मंद, मग गाडीच बंद. माझ्या दारात मात्र गाडी मीटरवर ठणठणीत सव्वाचौदा व्होल्ट दाखवणार, पाहुण्यांसमोर शहाण्या झालेल्या पोरासारखी.

पहिल्यांदा मी अल्टरनेटरचा पट्टा बदलला. दुसऱ्यांदा बॅटरी भरणारा तो अल्टरनेटरच उघडून ब्रश बदलले. दुसरी बॅटरी घालून पाहिली. प्रत्येक वेळी वाटलं, हेच होतं. आणि प्रत्येक वेळी गाडी आगुंबे घाटात थांबली. आत वनजक्काचे वडील, सुब्राय मास्तर. त्यांना आठवड्यातून दोनदा मणिपालला डायलिसिसला न्यावं लागतं. दसऱ्यापासून दोन खेपा चुकल्या होत्या, एक उशिरा झाली होती. मास्तरांचे पाय सुजले होते.

"अण्णा, उद्या खेप आहे," वनजक्का म्हणाली. "दुसरी गाडी ठरवते म्हटलं तर अप्पा ऐकत नाहीत. म्हणतात, देवीच अडवतेय. पुरे झालं, आता घरीच राहू दे मला."

"अय्यो, बिघडलेल्या गाडीत देवी कुठून आली?"

"ते मला नका विचारू. बरी करा, नाहीतर होत नाही म्हणा."

ती गेली. मी इंजिन चालू केलं, मीटरचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं बॅटरीच्या काळ्या वायरीला. जोड घट्ट असेल तर तिथे शून्य यायला हवं. शून्यच आलं. वायरींचं जुडगं हलवलं, तर दीड व्होल्ट. पुन्हा हलवलं, पुन्हा शून्य. पुढे अर्धा तास हलवत राहिलो, आकडा ढिम्म. माझं डोकं चालेना. मला दिसलं ते खरं होतं की माझाच हात घसरला होता?

करंट परत जायला इंजिन बॉडीशी जोडणारी एक जाड तारेची पट्टी असते. तिच्या बोल्टावर कुंकू होतं. मी तिन्ही दुरुस्त्यांत तिथवर हात नेला होता आणि तिन्ही वेळा मागे घेतला होता. दसऱ्याच्या आयुधपूजेत यंत्रांना लावलेलं कुंकू आम्ही पुसत नाही, ते आपोआप जायचं असतं.

मग आठवलं. पूजेच्या दिवशी ही व्हॅन माझ्याकडेच होती. त्या दिवशी यंत्रांना विश्रांती, म्हणून कुणी चुकून चालू करू नये यासाठी मी दुकानातल्या प्रत्येक गाडीची ती पट्टी सोडवून ठेवतो. पट्टीखालच्या पत्र्यालाही मी भक्तिभावानं गंध फासलं होतं, कुंकू लावलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी त्याच्यावरच आवळली होती. वाळलेल्या गंधातून कसला करंट जातोय.

देवीची क्षमा मागितली आणि पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत घासला. पट्टी बसवली. शून्य. जुडगं हलवलं, शून्य. पण शून्य तर आधीही येत होतं! दुखणं गेलं की नुसतं झोपलं, हे उभ्या गाडीवर कोण सांगणार? वनजक्काच्या घरापर्यंत व्हॅन चालवत नेली, दिवा लागला नाही. तेवढ्यानं काय सिद्ध होतं, मला कळत नव्हतं.

मास्तर ओसरीवर खांबाला टेकून बसले होते.

"मास्तर, तुम्हाला देवीनं नाही अडवलं," मी म्हणालो. "मी अडवलं." आणि पट्टीचं सगळं सांगून टाकलं. वनजक्का दारात उभी राहून ऐकत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"नक्की तेच होतं?" मास्तरांनी विचारलं.

"नक्की," मी म्हणालो. आयुष्यात इतकं खोटं कधी बोललो नव्हतो, किंवा इतकं खरं. कुठलं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. "नागप्पा, पाचवीत भागाकार चुकायचास तेव्हाही असाच नक्की म्हणायचास."

मी मान खाली घातली.

"वनजा," ते म्हणाले, "उद्याची पिशवी भर. हा पुढे बसेल. बंद पडली तर ढकलायला कुणीतरी हवं."

वनजक्का आत गेली. पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मी पायरीवर बसलो.