खुशालीची ओळ

रावजी बर्वे मास्तर आपल्या वर्गाला वर्ग म्हणत नसत, पांजरपोळ म्हणत. सकाळी विडा तोंडात सरकवून निघाले की वाटेत भेटेल त्याला सांगायचे, "चाललो पांजरपोळात. लंगडी-लुळी सगळी तिथंच बांधलीत." ऐकणारा हसायचा आणि मास्तरांचा दिवस बरा सुरू व्हायचा.

तर हा पांजरपोळ म्हणजे खेड्यापाड्यांतल्या बिनदाखल्याच्या मास्तरांचा वर्ग. सातवीच्या फायनलला आपटी खाल्लेले, बायकापोरांचे धनी झालेले हे बाप्ये. कुणी देवळाच्या पडवीत पोरं शिकवत होता, कुणी मशिदीशेजारच्या खोपटात. सन चौतीस साली वरून हुकूम आला, की ज्याच्याजवळ दाखला नाही त्याची शाळा जूनपासून बंद. म्हणून सहा महिने रत्नागिरीत राहायचं, बर्वे मास्तरांच्या हाताखाली व्याकरण आणि निबंध शिकायचा, आणि शेवटी शाळा तपासणाऱ्या डिपुटीसाहेबांसमोर एक निबंध लिहून पास व्हायचं. निबंधात गेला तो गेला.

बर्वे मास्तर मोठे विद्वान, हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पुण्याच्या कॉलेजातली जागा त्यांचीच ठरली होती म्हणे, पण कुणाच्या तरी भाच्यानं ती पटकावली आणि एकोणीस वर्षं मास्तर इथे क्रियापदं राखत बसले. तो राग कुणावर तरी निघायलाच हवा होता. भाचा पुण्यात, हाताशी होते ते हे गरीब बिचारे.

जमाल होडेकर पूर्णविराम देत नसे. तांडेलाचा मुलगा, एकदा वल्हं हाणायला लागला की पान संपेपर्यंत थांबायचं नाव नाही. मास्तर त्याचा निबंध एका दमात वाचून दाखवायचे, शेवटी धापा टाकल्याचं सोंग करायचे, आणि पाणी मागायचे. वर्ग हसायचा. हसला नाही तर आपली पाळी येणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

पण मास्तरांचा खरा राग महिपत गोताडावर. महिपत तिशीचा, कातळाच्या सड्यापलीकडच्या एका वाडीतला कुणबी. वाडी सहा कोसांवर, दर रविवारी तो चालत घरी जाऊन यायचा. पिढ्यान् पिढ्या तिथे कुणाला अक्षर ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ह्यानं शाळा काढली, घरोघर फिरून, आयाबायांच्या शिव्या खाऊन एकेचाळीस पोरं गोळा केली. दाखला मिळाला नाही तर ती एकेचाळीस पुन्हा गुरांमागे. महिपत हे कुणाला सांगत बसत नसे, पण त्याच्या पाटीच्या कोपऱ्यावर एकेचाळीसचा आकडा लिहिलेला असे आणि तो कधी पुसलेला नसे.

मास्तरांनी पहिला निबंध दिला, विषय 'उंट'. महिपतनं लिहिलं: 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम. पत्रास कारण की उंट हा वाळवंटात राहतो.' खाली उंटाची पाठ, उंटाचे पाय, आणि शेवटी 'लहानथोरांस नमस्कार आशीर्वाद. कळावे.'

"काय रे," मास्तर म्हणाले, "उंटाला पोस्टानं धाडायचंय?"

दुसरा निबंध परोपकारावर. त्यातही इकडील सर्व क्षेम. तिसरा गाईवर. गायसुद्धा क्षेम. मास्तरांनी लाल शाईनं ती ओळ इतक्या जोरानं खोडली की कागद फाटला.

महिपत उभा राहिला. "गुर्जी, जल्मात मी कागदाबिगर दुसरं काय लिवलंच नाय. वाडीतले निम्मे बाप्ये मुंबैला गिरणीत. त्यांच्या घरचा कागद मीच लिवतो. आदी खुशालीची ओळ घालाया लागते. ती नसली का समजायचं, घरातलं कोण तरी गेलं. मेल्याचं नाव आमच्यात कागदावर घालत नाय. शेवटाला सगळ्यांचे आशीर्वाद. त्यात ज्याचा नाय, तो गेला. हाताला तीच सवय लागलीय."

एवढं सरळ, एवढं नीट बोलणं त्या वर्गात कुणी केलं नव्हतं. मास्तरांनी ऐकून घेतलं, तपकिरीची चिमूट ओढली आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्यात न लिहिलेलं वाचतात! वा! लिहिलेलं वाचता आलं असतं तर इथे कशाला कडमडला असतास?"

वर्ग हसला. जमाल तेवढा हसला नाही.

पुढे महिनाभर महिपतनं जिवाचं रान केलं. व्याकरण त्याला येऊ लागलं, वाक्यं सुधारली. पण कागद समोर आला की हात आधी क्षेम लिहायचा आणि मग त्याला आठवायचं. परीक्षा बारा दिवसांवर आली तेव्हा मास्तरांनी निर्वाणीचं सांगितलं, "डिपुटीसाहेबांपुढे ही ओळ दिसली तर माझं तोंड काळं होईल. खोड मुळातून मोडायला हवी. उद्या गावचं एखादं खरं पत्र लिहून आण. तेच दुरुस्त करू आणि तसंच टपालात टाकू. नाहीतर परीक्षेच्या यादीतून तुझं नाव काढतो."

महिपत दुसऱ्या दिवशी राहीचं पत्र घेऊन आला. राही त्याच्याच वाडीतली, शेजारच्या घरातली. तिचा नवरा रघू मुंबईत गिरणीत, घरी त्याची म्हातारी आई. आदल्या रविवारी तिनं सांगितलेला मजकूर महिपतच्या वहीत होता: इकडील सर्व क्षेम, गाय व्याली, पोराला अंगरखा हवा, घर शाकारायचं आहे, म्हातारीची कंबर आता बरी आहे, जमेल तेव्हा येऊन जा, आईचे अनेक आशीर्वाद.

मास्तरांनी शाईत टाक बुडवला. क्षेम गेलं. "सर्व क्षेम आहे तर लिहायचं कशाला? फाफटपसारा." गाय गेली. म्हातारीची कंबर तर मास्तरांनी वर्गाला वाचून दाखवून मग खोडली. आशीर्वादही गेले. उरलं ते असं: 'मुलास अंगरखा हवा आहे. घराची शाकारणी व्हावयाची आहे. आपण घरी यावे.'

"बघ," मास्तर म्हणाले. "याला म्हणतात रचना."

"गुर्जी, ह्यो खरा कागद हाय," महिपत हळू म्हणाला. "आशीर्वाद तरी ऱ्हाऊं द्या. म्हातारीचा."

"खरा आहे म्हणूनच शुद्ध हवा. लिहायचं की यादीतून नाव काढू?"

महिपतनं पाटीकडे पाहिलं, आणि लिहिलं. काय करणार होता? एका ओळीसाठी एकेचाळीस पोरं घालवायची? अक्षर सुंदर काढलं. मास्तरांनी स्वतः सोबत जाऊन ते पत्र टपालपेटीत टाकायला लावलं. परतताना त्यांनी त्याची पाठही थोपटली. एकोणीस वर्षांत हे दोनदाच झालं होतं.

परीक्षेच्या दिवशी डिपुटीसाहेब आले. घाटावरचे गृहस्थ, सातारकडचे. स्वभाव मऊ, खोकला मोठा. विषय दिला 'स्वच्छतेचे फायदे' आणि खुर्चीत बसून हवा घेऊ लागले. बर्वे मास्तर रांगांमधून फिरत होते. महिपतच्या मागे थांबले. 'स्वच्छता हा आरोग्याचा पाया होय.' क्षेम नाही, नमस्कार नाही. अर्धं पान झालं होतं आणि चूक म्हणून सापडत नव्हती. मास्तरांना मनातून गुदगुल्या झाल्या. गाढवाचा घोडा केला, असं त्यांना वाटलं, आणि डिपुटीसाहेब हे पान वाचतील तेव्हा पुण्याचा विषय कसा काढायचा याचा ते विचार करू लागले.

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. हातात वळकटी, डोक्याचा तुळतुळीत गोटा, मिशी उतरवलेली. ओठावरची जागा पांढरी पडली होती. महिपत इथे शिकतो हे ठाऊक असल्यानं बोटीवरून उतरून तो थेट आला होता. महिपतला तो ओळखू यायला क्षणभर लागला.

"रघू?"

"म्हातारी कदी गेली?" रघूनं विचारलं.

टाक थांबले. बर्वे मास्तर पुढे झाले, "ए, परीक्षा चालू आहे, बाहेर उभा राहा." रघूनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"कोण गेलं नाय," महिपत म्हणाला. "म्हातारी जिती हाय. परवा ऐतवारी तिनं मला पेज वाढली."

"असंच सांगतात. वाटेत सांगत नाय, घरी नेऊन सांगतात." रघूनं कनवटीचं पत्र काढलं. "खुशाली नाय. आयेचा आशीर्वाद नाय. वर लिवलंय, घरी या. खोलीतल्या सगळ्यांनी वाचून घेतला. मंग मी सुतक धरला, डोई केली. मुकादम रजा देईना, तसाच निघालो. गेली जागा तर गेली. तू एवडा कागद लिवलास, एवडं सांगायची छाती नाय झाली तुला?"

पत्र बर्वे मास्तरांच्या हाती आलं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनात पहिली गोष्ट कोणती आली असेल? की अक्षर वळणदार आहे आणि वाक्यरचना निर्दोष आहे. हा माणूस आईचं सुतक धरून दोन दिवसांचा उपाशी उभा आहे आणि ह्यांना वाक्यरचना दिसते. डिपुटीसाहेबांनी हात पुढे करून पत्र घेतलं, वाचलं.

"नेटकं पत्र आहे. कुणी शिकवलं?"

"मी," बर्वे मास्तर म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

रघूला महिपतचं पटलंच नाही. "मी बघतो जाऊन," म्हणाला, वळकटी उचलली आणि वळला.

महिपत उभा राहिला. "गुर्जी, त्याच्या आदी घरी जायला हवा. म्हातारी वसरीवर बसलेली असते. जित्या आयेनं पोराला आपलंच सुतक धरलेला बघितला तर काय व्हईल तिचं? तो माजं ऐकणार नाय, पर सड्यावरनं आडवाटेनं गेलो तर मी आदी पोचतो."

"मी जातू, गुर्जी," जमाल अर्धा उठला.

"तुला ती वळखत नाय," महिपत म्हणाला. "तू लिव. पूर्णविराम दे."

"गोताड," बर्वे मास्तर म्हणाले, "उठलास तर परत बसता येणार नाही. तासाभराचा प्रश्न आहे. पान पुरं कर आणि मग कुठे जायचं तिथे जा. तुमच्या माणसांची अक्कल गहाण पडली म्हणून मी परीक्षा थांबवायची?"

महिपतनं अर्ध्या पानाकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं. मग टाक दौतीशेजारी नीट ठेवला. "कागद तुमी तपासला होतात," एवढंच म्हणाला, रागानं नाही, आणि गेला. पायात वहाणा घालायलासुद्धा थांबला नाही.

दुपारी सगळे निबंध डिपुटीसाहेबांपुढे आले. जमालचा त्यांनी पास केला. महिपतचं अर्धं पान त्यांनी दोनदा वाचलं, खोकले आणि म्हणाले, "बर्वे, ह्याला बसवायला हवा होता हो. हा तुमच्या वर्गातला सगळ्यात बरा. तो माणूस कोण, काय घोटाळा झाला, मला घाटावरच्याला काही उमगलं नाही. पत्रात तर वाईट असं काहीच नव्हतं."

"अडाणी माणसं," मास्तर म्हणाले.

"असतील. पण ह्याची शाळा जाईल. तुम्ही असं करा, ह्या कागदाखाली दोन ओळी लिहा, उमेदवार का उठला त्या. कारण रास्त असेल तर मी पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा बसवतो. माझ्या अधिकारात आहे ते. फक्त कारण तुमच्या हातचं हवं, वर दाखवायला."

डिपुटीसाहेब चहाला गेले. बर्वे मास्तर अर्ध्या पानासमोर बसले. दोन ओळी. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या ओळी सुधारणाऱ्या माणसाला दोन ओळींचं काय! त्यांनी टाक उचलला. 'उमेदवाराने गावच्या रीतीप्रमाणे लिहिलेल्या पत्रातील मजकूर...' इथवर मनात आलं. पुढे कर्ता लागत होता. मजकूर कुणी काढला, हे लिहायला हवं होतं. ते लिहिलं की डिपुटीसाहेब विचारणार, का काढला? आणि मग वर जाणार, आणि पुण्याला कुणीतरी वाचणार, की रत्नागिरीच्या बर्व्यांनी एका जित्या बाईचं मरण दुरुस्त करून टपालात टाकलं. टाकाची शाई वाळली. त्यांनी पुन्हा बुडवला. वाळली. पुन्हा बुडवला.

बाहेर पेल्यांचा आवाज झाला. डिपुटीसाहेब परत येत होते.

मास्तरांनी झटकन लिहिलं: 'उमेदवार परीक्षा अर्धवट सोडून स्वेच्छेने निघून गेला.'

डिपुटीसाहेबांनी वाचलं. "एवढंच?"

"एवढंच."

साहेबांनी सुस्कारा टाकून महिपतच्या नावापुढे काट मारली, त्याच्या वाडीच्या नावापुढे 'जूनपासून बंद' असं लिहिलं, आणि कागद बर्वे मास्तरांकडे सरकवला. बर्वे मास्तरांनी आपलं वाक्य पुन्हा वाचून पाहिलं. त्यात एकही चूक नव्हती.